क्वासिबाच्या वाटेनं

आवाज कानावर पडला आणि एन्ग्रासिया उठून उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाटीतल्या कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या निम्म्या खपल्या होत्या, ऊन धक्क्याच्या तटावरून खाली उतरत होतं, समोर गिऱ्हाईकही नव्हतं. तरी ती ताठ उभी होती, हात अंगाशी चिकटवून, मान खाली घालून. शेजारी मासे घेऊन बसणारी टोमासा हसली. "काय गं, गव्हर्नर आला की काय?" म्हणाली. आपण उभ्या आहोत हे एन्ग्रासियाला तिच्या बोलण्यामुळंच कळलं. कप्तानाच्या कचेरीची खिडकी वर, उंचावर होती, तिच्या गजांतून तो आवाज आला होता. पुरुषाचा, म्हातारा, घोगरा, शब्दाच्या शेवटी वर चढणारा. तो ओरडलाही नव्हता. नुसतं पाणी मागत होता. पण मागत होता सांता क्रूझच्या भाषेत, डेन लोकांच्या त्या बेटावर उसाच्या मळ्यांतले गुलाम आपसांत बोलत त्या भाषेत. आणि आई गेल्यापासून ती भाषा एन्ग्रासियानं कुणाच्याही तोंडून ऐकली नव्हती.

ती परत खाली बसली, पण टोमासाकडे न बघता. राग त्या आवाजाचा नव्हता, पायांचा होता. हे पाय तिचे होते. याच पायांनी ती रोज कांग्रेखोसहून निघून, खाडीवरचा पूल ओलांडून, डोक्यावर पाटी घेऊन सान हुआनच्या वेशीपर्यंत यायची. वेशीवरचे शिपाई तिला नावानं ओळखत. कांग्रेखोसमध्ये, पळून येऊन मोकळ्या झालेल्यांच्या त्या वस्तीत, तिचं घर होतं, घरामागं तिवरांपर्यंत उतरणारी जमीन होती, नवरा बाल्तासार तिथल्या काळ्या पलटणीत हवालदार होता आणि सणावारी लाल पट्टीचा कोट चढवून मिरवत असे. तिची पन्नाशी कधीच उलटली होती. एवढं सगळं कमावून बसलेल्या बाईला एका म्हाताऱ्यानं भिंतीपलीकडून पाणी मागावं आणि या पायांनी तिला न विचारता उभं करावं? तिनं गुडघ्यावर तळवा दाबून धरला. म्हणजे एवढी वर्षं हे उठणं इथंच बसून होतं तर, तिच्या गुडघ्यात, तिच्याच घरचं खाऊन.

आवाज कुणाचा हे तिला आठवावं लागलं नाही. तो झोपड्यांच्या रांगेतून चालत यायचा, दर सकाळी, उजाडायच्या आत, आणि त्याच्या आधी शंख वाजायचा. शंखाला कुणी भीत नसे. शंख म्हणजे वारा. त्यामागून येणारा यॉस्ट खरा. मुकादम यॉस्ट. तोही गुलामच होता, त्याची झोपडीही त्याच रांगेत होती, फक्त तिला दार होतं आणि त्याच्या हातात चाबूक दिलेला होता. तेव्हा एन्ग्रासियाचं नाव अफिबा होतं. लहान मुलांच्या टोळीत ती उसाच्या सऱ्यांमधलं गवत उपटायची. एकदा उसाची पाचर तिच्या टाचेत घुसली आणि ती रडत आईच्या सरीत गेली. आई खाली बसली, तिचा पाय मांडीवर घेतला, दातांनी पाचर उपटून काढली. एवढंच. चालू कामात आई खाली बसली होती. त्या संध्याकाळी यॉस्टनं स्वतःची टोपी काढून खुंटीला अडकवली. टोपी अडकवणं अफिबाला फटक्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं; घरी आल्यावर माणूस अडकवतो तशी, नीट, वारा लागून पडू नये म्हणून काठ दुमडून. मग त्यानं आईला मारलं आणि प्रत्येक फटका मोठ्यानं मोजला. मालक व्हरांड्यात बसून ऐकत असे. बघण्याचे कष्ट त्याला नको असत, म्हणून मोजायचं. आई ओरडली नाही. टाचेवरचा व्रण अजून होता, भाकरीच्या कडेइतका वाकडा, आणि पाऊस येण्याआधी तो खाजायचा.

कचेरीच्या दारातून एक शिपाई बाहेर आला आणि डेन बेटावरची बोली कुणाला येते का म्हणून विचारू लागला. रात्री होडीतून काही माणसं आली होती, स्पॅनिशचा एक शब्द त्यांना कळत नव्हता, दुभाष्या तापानं पडला होता. टोमासानं लगेच एन्ग्रासियाकडे बोट दाखवलं. नाही म्हणता आलं असतं. लहानपणी आले, विसरले, एवढं म्हटलं की झालं, आणि ते पुरतं खोटंही ठरलं नसतं. पण आत बसलेला माणूस आपल्याला उठवतो आणि आपण त्याचं तोंडही न बघता उरलेल्या भाकऱ्या विकत बसायचं, हे तिला गिळता येईना. तिनं पाटी टोमासाकडे सरकवली, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं, आणि गेली.

कप्तान नवा होता, स्पेनहून आलेला, उन्हानं नाक सोललेला. त्यानं तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. राजाचा हुकूम त्याला ठाऊक होता: डेन बेटावरून जो पळून येईल आणि बाप्तिस्मा घेईल तो मोकळा. त्याला तो मोडायचा नव्हता. पण मागं एकदा असाच एक जण पळून आल्याचं सोंग करून कांग्रेखोसमध्ये राहिला होता, आणि एका रात्री मळेवाल्यांच्या होड्या तिवरांत आणून त्यानं बायकामुलं उचलून नेली होती. एन्ग्रासियाला हे कुणी सांगायला नको होतं. नेलेल्यांत तिच्या शेजारणीची सून होती. सध्या बंदरात एक डेन जहाज उभं होतं, उद्या सुटणार होतं. कप्तान म्हणाला, "यांच्यात मालकाचा माणूस कोण असेल तर तू मला सांग. तो उद्या त्या जहाजावर जाईल. बाकीच्यांना पाद्रीकडे पाठवतो."

भिंतीला टेकून चौघं बसली होती. दोन तरुण भाऊ, एकाच चेहऱ्याचे, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगत असलेले. एक मुलगी, ओठ मिठानं फुटलेले, पण डोळे टक्क उघडे. आणि तो. एन्ग्रासियाच्या मनात यॉस्ट दाराएवढा उंच होता. हा म्हातारा वाळून गेला होता, गळ्याची शीर वर आली होती, पाठ भिंतीला न टेकवता पुढं वाकून बसला होता. पाठ टेकवता येत नसणार, हे तिला पाहताक्षणी कळलं. आई अशीच बसायची. त्याच्या पाण्याच्या वाडग्याला तळहाताचं रक्त लागलं होतं.

तिनं तोंड उघडलं तर आधी स्पॅनिशच आलं. मग जिभेखालून जुनी भाषा निघाली, लहान मुलीची भाषा, कारण तेवढ्यावरच ती थांबली होती. मोठ्या बाईचे शब्द तिला त्या भाषेत कधी लागलेच नव्हते, आईशी भांडतानाही नाही. ती मुलीला म्हणाली, "तुझं नाव काय गं?" मुलगी इतकी दचकली की दोघे भाऊ जागे झाले. तिनं नाव सांगितलं, नेला. मग ती बोलतच सुटली. मळ्याचं नाव सांगितलं, एन्ग्रासियाच्या लहानपणीच्याच मळ्याचं. जुना मालक मेला, आता त्याचा मुलगा. कोळ्यांची होडी घेतली. वारा मागून होता. पाणी संपलं तेव्हा यॉस्टबाबानं स्वतःचा वाटा भावांना दिला, दिशा त्यानंच धरली, हात सोलले तरी वल्हं सोडलं नाही. यॉस्टबाबा. एन्ग्रासियानं तो शब्द ऐकून घेतला. मग ती म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि विचारलं, मुकादम होतास ना तू?

त्यानं वर पाहिलं. तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला, मग कपाळ, मग तिची उभी राहायची तऱ्हा. म्हणाला, "होतो."

"आणि आता?"

"आता म्हातारा झालो. नव्या मालकानं नवा मुकादम केला. मला परत सरीत घातलं."

"म्हणजे चाबूक हातातून गेला तेव्हा पळायचं सुचलं."

"हो," तो म्हणाला. काही सारवासारव केली नाही. आणि आवाज खाली आणून, पहिल्यांदाच शेवटी न चढवता, म्हणाला, "तू क्वासिबाची मुलगी."

कप्तान विचारत होता, काय म्हणतोय, काय म्हणतोय. एन्ग्रासियानं हात वर करून त्याला थांबवलं. आपण कप्तानाला हातानं थांबवलं हे तिला फार नंतर, पुलावर आठवलं. यॉस्ट सांगत होता. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांना अंगणात उभं केलं. मला सांगितलं, ओरडून सांग, क्वासिबा बुडाली, पोर बुडाली, म्हातारा कोळी बुडाला, आणि हे फडकं किनाऱ्याला लागलं. मी ओरडलो. फडकं दाखवलं. ते तुझ्या आईचं नव्हतं. मालकाच्या स्वयंपाकघरातलं होतं, मीच ते समुद्रात भिजवून आणलं होतं. लोक रडले. तेव्हापासून आमच्यात कुणी मेलं की म्हणतात, क्वासिबाच्या वाटेनं गेला. आणि कुणी पळालं तरी तेच म्हणतात. बुडाली मानणारे वेगळे, न मानणारे वेगळे. तो थांबला, सोललेल्या तळहाताकडे बघत राहिला. म्हणाला, "खोटं मी सांगितलं होतं, म्हणून ते खोटं आहे एवढं एकट्या मलाच पक्कं ठाऊक होतं. त्यावरच होडी या दिशेला हाकली. पण फडकं खोटं म्हणून ती जगली असं होत नाही. ती पोचली का?"

हे एक उत्तर एन्ग्रासियाजवळ होतं आणि ते ती या खोलीत, याच्यापुढं टाकणार नव्हती. ती खिडकीकडे वळली. गजांतून बंदर दिसत होतं, आणि डेन जहाज, त्याची शिडं गुंडाळलेली. एक शब्द पुरे होता. तो शब्द खोटाही ठरला नसता. मालकाचा माणूस, हो, होता. उद्या जहाजावर चढेल, आणि तिकडं पळालेल्या गुलामाचं काय करतात हे तिला माहीत होतं, लहानपणी सगळ्या मुलांना ते उभं करून दाखवत. आईच्या पाठीवरच्या वळांची सगळी फेड होईल. तो शब्द तिच्या तोंडात आलाही. कच्च्या कसाव्याच्या रसासारखा, पाहायला पांढरा स्वच्छ, आणि न पिळता पोटात गेला तर माणूस मारणारा. आई असती तर काय म्हणाली असती? तिनं आठवून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आई यॉस्टबद्दल कधी बोललीच नव्हती. आई मालकाबद्दल बोलायची. मालकाचं आपण काय काय नेलं ते सांगायची: एक होडी, तीन माणसं, एक पाटी, पाटीतली रताळी. एका रविवारी, बाजाराला निघाल्यासारखी डोक्यावर पाटी घेऊन, अफिबाला मागं चालवत, ती भर दुपारी सगळ्यांच्या देखत किनाऱ्यावर गेली होती. मळ्याचा म्हातारा कोळी होडीत आधीच बसला होता, माशांचे सापळे उचलायला निघाल्यासारखा. आईनं आयुष्यात वल्हं धरलं नव्हतं. किनारा दिसेनासा होईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही, मग पाहिलं आणि थुंकली. रताळी संपल्यावर रिकामी पाटीसुद्धा तिनं समुद्रात टाकली नव्हती. त्याचं कशाला परत द्यायचं, म्हणाली होती.

आणि आता आपण मालकाच्या पोराला माणूस परत करायचा? एन्ग्रासिया त्या जहाजाकडे बघत राहिली. त्या मळ्याला तिच्याकडून इतक्या वर्षांत काही गेलं नव्हतं, शिळ्या भाकरीचा तुकडा नाही, एक शिवी नाही. आता जाणार होती तिची पहिली भेट, दोरीनं बांधलेली, तिच्याच साक्षीनं. नवा मालक व्हरांड्यात बसेल, यॉस्टला खांबाशी बांधतील, कुणी तरी टोपी काढून खुंटीला अडकवेल आणि मोठ्यानं मोजायला लागेल. आपण या माणसाला माफ करतोय का, हे तिनं स्वतःला नीट विचारलं. नाही. पोटात राग तसाच होता, तापल्या तव्यासारखा, आणि तो तिला हवा होता. तो तिचा होता, घरासारखा, जमिनीसारखा. दुसऱ्या कुणी येऊन तो वसूल करावा हे तिला पटेना.

ती कप्तानाकडे वळली आणि स्पॅनिशमध्ये, सावकाश, प्रत्येक शब्द मोकळा करून म्हणाली, "हा माझ्या लहानपणीच्या मळ्याचा मुकादम होता. यानं माझ्या आईला चाबकानं मारलं. आता पळून आलाय, आणि या तिघांना घेऊन आलाय. कसा माणूस आहे ते मला माहीत नाही. पण मालकानं पाठवलेला नाही."

कप्तान बुचकळ्यात पडला. त्यानं विचारलं की हे कशावरून. तिनं यॉस्टला त्याच्या भाषेत सदरा वर करायला सांगितलं. त्यानं केला. कप्तानानं पाहिलं आणि नजर फिरवली. एन्ग्रासियानं फिरवली नाही. कुणा नव्या मुकादमाचं काम होतं, ताजं, दोन बोटं अंतर सोडून मारलेलं. यॉस्टचं अंतर तीन बोटांचं असे.

कप्तान म्हणाला, "तुझ्या आईला मारलं म्हणतेस, आणि तरी तूच याच्यासाठी उभी राहतेस?"

"आईला मारलं ते माझं आणि त्याचं, कप्तानसाहेब. त्यात तुमचं जहाज नको."

"तो राहील कुठं? काही केलं यानं उद्या, तर मी कुणाला धरू?"

"मला धरा. कांग्रेखोसमध्ये एन्ग्रासियाचं घर कुणीही दाखवेल." आणि हे बोलताना तिचा आवाज खोलीत असा घुमला की भिंतीशी बसलेल्या नेलाला एक शब्द कळत नसूनही ती उठून उभी राहिली. एन्ग्रासिया तिच्याजवळ गेली, खांदा धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "असं उठायचं नाही. इथं कुणी बोललं की आधी विचारायचं, काय पाहिजे."

संध्याकाळी ती त्यांना घेऊन निघाली. पाद्रीनं रविवारचा बाप्तिस्मा ठरवला होता. टोमासानं पाटी परत दिली, भाकऱ्या सगळ्या विकून, आणि म्हाताऱ्याकडे बघून विचारलं की हा कोण, मामा की काका. गावचा आहे, एवढंच एन्ग्रासिया म्हणाली. वाटेत भाऊ दर वळणावर मागं वळून बघत होते. पुलावर खाडीचा वास आला, चिखल, तिवरं, कुणाच्या तरी चुलीचा धूर. यॉस्ट सगळ्यांत मागं, जरा अंतर ठेवून चालत होता. ती थांबली नाही, पण पाय जरा हळू टाकू लागली.

बाल्तासार कुंपणाशी उभा होता. तो दुसऱ्याच बेटावरून पळून आलेला, ही बोली त्याला येत नसे, पण चाबकाची गोष्ट त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ऐकली होती. एवढी माणसं झोपणार कुठं म्हणून त्यानं कुरकूर सुरू केली, आणि शेवटच्या माणसाशी त्याची नजर थांबली. "हाच का?" त्यानं विचारलं. "हाच," ती म्हणाली. बाल्तासार आत गेला. मग चटई घेऊन बाहेर आला आणि ती काजूच्या झाडाखाली, घरापासून लांब, पण कुंपणाच्या आत टाकली. एन्ग्रासियानं यॉस्टला दोन गोष्टी सांगितल्या. घाव भरेपर्यंत इथं राहायचं, मग खाडीच्या पलीकडं जागा बघायची. आणि तिच्या अंगणात आवाज चढवायचा नाही, कुत्र्यावरसुद्धा नाही. त्यानं मान हलवली.

खेकड्यांचं कालवण होतं, उकडलेली केळी होती, ताज्या भाकऱ्या तिनं तव्यावरून एकेक काढून वाढल्या. भाऊ नुसते जेवत राहिले. नेलाचं पोट भरलं तशी तिची नजर फिरू लागली: भिंतीवरचा बाल्तासारचा कोट, घरामागं उतरणारी जमीन, खाली तिवरांच्या अलीकडं पांढरी चुन्याची कड असलेली एक कबर. अंधार पडायला अजून अवकाश होता. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "बाबानं विचारलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. क्वासिबा पोचली का?"

झाडाखाली यॉस्टचं चावणं थांबलं. एन्ग्रासिया तव्यापाशी बसली होती, हात पिठानं पांढरे. किती वर्षांनी ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून या अंगणात आलं होतं, आणि जिनं उच्चारलं ती मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. तिकडं झोपड्यांच्या त्या रांगेत, इतकी वर्षं, कुणी मेलं की आणि कुणी पळालं की, तिच्या आईचं नाव घेत होते. आईला हे कळलं नाही. कळलं असतं तर ती म्हणाली असती, मग होडी कुणी चोरली तेही नीट सांगा.

"पोचली," एन्ग्रासिया म्हणाली, यॉस्टला ऐकू जाईल अशी. "पोचली, आणि म्हातारी होऊन मेली, स्वतःच्या बाजेवर. ही जमीन तिनं मोकळी केली. पहिलं घर वादळानं नेलं, दुसरं तिनं बांधलं, हे. पाद्रीशी भांडली, कारण त्यानं तिचं नाव बदललं आणि तिनं त्या नावाला कधी ओ दिली नाही. या बाजूच्या घराशी बकऱ्यांवरून भांडली, त्या बाजूच्या घराशी विहिरीवरून. बाल्तासार मागणी घालायला आला तर त्याला तिसऱ्या खेपेला आत घेतला. दुपारी जेवली की झोपायची, सूर्य कलेपर्यंत, आणि राजाचा माणूस दारात आला तरी उठायची नाही. कांग्रेखोसमध्ये तिला भिणारी अजून निम्मी माणसं जिवंत आहेत, उद्या कुणालाही विचार."

नेला हसली, आणि हसता हसता रडू लागली. एन्ग्रासियानं तिला रडू दिलं. मग पिठाचा गोळा घेतला, तव्यावर थापला, कडा बोटांनी सारख्या केल्या आणि म्हणाली, "आता नीट बस. पहिल्यापासून सांगते. रविवार होता."